स्टेन्सिलखाली रंग पसरतो, पान गढूळ होतं: आधी ओल कुठे आहे ते शोधा

स्टेन्सिल उचलली की नक्षीच्या कडा फुटलेल्या. गोल ठिपक्यांना शेपट्या आलेल्या, जाळीच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळलेल्या, आणि जिथे दोन स्वच्छ रंग शेजारी हवे होते तिथे मळकट तपकिरी डाग. आर्ट जर्नलमध्ये, म्हणजे रंग, चित्रं आणि कोलाजनं भरायच्या वहीत, थरावर थर चढवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते, आणि ती एकदा होऊन थांबत नाही. नवी स्टेन्सिल आणली, चांगल्यातला रंग आणला, टेप दुप्पट लावली, तरी दोन-चार पानांनी पुन्हा तेच.

मीही बराच काळ स्टेन्सिललाच दोष देत होते. मग एका स्प्रेडवर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर, एकाच स्टेन्सिलनं ओळीनं सहा ठसे घेतले. पहिले दोन अगदी रेखीव आले. तिसऱ्याची एक कड पुसट झाली, चौथा बिघडला, सहावा तर ओळखूच येईना. स्टेन्सिल तीच, रंग तोच, ब्रशही तोच. बदललं होतं ते एवढंच, की प्रत्येक ठशागणिक स्टेन्सिलची पाठ थोडी थोडी ओली होत गेली होती. तेव्हापासून काही बिघडलं की मी आधी ओल शोधते: ती ब्रशात आहे, स्टेन्सिलच्या पाठीवर आहे, की खालच्या थरात? कडा फुटणं आणि रंग गढूळ होणं या वेगवेगळ्या तक्रारी वाटतात खऱ्या, पण बहुतेक वेळा दोन्हींच्या मुळाशी या तिन्हींपैकी एक ओल निघते.

कुठली ते पाच मिनिटांत कळतं. जाड कागदाचा कोरा तुकडा टेबलावर सपाट ठेवा. तीच स्टेन्सिल, तोच रंग, तोच ब्रश घेऊन शेजारी शेजारी दोन ठसे घ्या, मध्ये स्टेन्सिल न पुसता. दोन्ही बिघडले तर दोष ब्रशात आणि रंगात आहे. पहिला चांगला आणि दुसरा बिघडलेला, तर स्टेन्सिलची पाठ ओली होतेय. दोन्ही स्वच्छ आले आणि जर्नलमध्येच फिसकटतं, तर पानाकडे बघा: एक तर खालचा थर ओला किंवा सुटणारा आहे, नाहीतर स्टेन्सिल पानावर नीट टेकत नाहीये. ही तपासणी न करता उपाय करत बसलं की बरोबर चालणारी गोष्टही आपण बदलून टाकतो आणि गुंता वाढतो.

कोरडा दिसणारा ब्रश

सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

धुतलेला ब्रश फडक्यावर टिपला की केस हाताला कोरडे लागतात. पण केसांच्या मुळाशी, धातूच्या नळीत, पाणी अडकून राहिलेलं असतं. ब्रश दहा-बारा वेळा पानावर टेकला की ते हळूहळू केसांतून खाली उतरतं आणि रंग पातळ करतं. ठशाची सुरुवात स्वच्छ आणि शेवटचा कोपरा पसरलेला असेल तर हेच झालंय असं समजा. स्पंजाचं तर आणखी वाईट, कारण तो कितीही पिळला तरी पोटात पाणी धरून ठेवतो. त्यामुळे माझा नियम साधा आहे: स्टेन्सिलचं काम सुरू असताना ब्रश धुवायचा नाही. रंग बदलायचा तर दुसरा ब्रश घ्यायचा. मेकअपसाठी मिळतात तसे पाचरीच्या आकाराचे स्पंज या कामाला उत्तम. प्रत्येक रंगाला एक ठेवायचा आणि सगळं झाल्यावर एकदमच धुवून रात्रभर वाळवायचे.

पाण्याचा एवढा बाऊ का? स्टेन्सिल कितीही घट्ट दाबली तरी ती आणि कागद यांच्यात केसाएवढी फट उरतेच. पातळ द्रव अशा अरुंद फटीत आपोआप आत खेचला जातो. वातीतून तेल वर चढतं ते याच केशाकर्षणानं. दाट रंग मात्र जागच्या जागी बसतो, तो इतक्या सहज आत सरकत नाही. म्हणून "अजून जोरात दाबून धर" हा सल्ला अपुरा आहे. रंग पातळ असेल तर तो दाबलेल्या स्टेन्सिलखालीही शिरतो, आणि रंग दाट व बेताचा असेल तर हलक्या हातानं धरलेली स्टेन्सिलसुद्धा स्वच्छ ठसा देते.

आता ब्रशवर रंग किती घ्यायचा ते. सपाट टोकाचा, आखूड आणि राठ केसांचा स्टेन्सिल ब्रश घ्या. पॅलेटवर मटाराच्या दाण्याएवढा दाट ॲक्रिलिक रंग काढा. ब्रशचं टोक त्याच्या कडेला टेकवून जागच्या जागी फिरवा, म्हणजे रंग सगळ्या केसांना सारखा लागेल. मग लगेच पानाकडे जाऊ नका. आधी रफ कागदावर ब्रश थोपटत राहा. सुरुवातीचे ठसे ओले, चकाकणारे असतात. थोपटता थोपटता ती चकाकी जाते आणि कागदाचा पोत मधूनमधून दिसेल असा, खडू घासल्यासारखा कोरडा ठसा उमटू लागतो. तो दिसला की ब्रश तयार झाला. इतका रंग काढून टाकताना जीव हळहळतो, पण पानावर लागतो तो एवढाच.

ब्रश उभा धरून खालीवर टेकवा. झाडू मारल्यासारखा आडवा ओढलात तर केस कडेखाली घुसतात आणि रंग सोबत नेतात. सुरुवात स्टेन्सिलच्या बंद भागावरून करा आणि तिथून भोकाकडे या. पहिला टेकवण्याचा भार प्लास्टिकवर पडतो आणि भोकात उरलासुरला रंग उतरतो. पहिला हात फिका दिसेल. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि ब्रश पुन्हा रंगात बुडतो. तसं करू नका. इतका पातळ थर मिनिटा-दोन मिनिटांत सुकतो. स्टेन्सिल न हलवता त्याच पद्धतीनं दुसरा हात द्या, गरज असेल तर तिसरा. गडदपणा थरांनी आणायचा, रंगाच्या ढिगानं नाही.

फवाऱ्याच्या शाईचं गणित वेगळं आहे. ती पाण्यासारखी पातळच असते, तिच्याकडून धारदार कडेची अपेक्षा ठेवू नका. मी ती अगदी तळाच्या थरासाठी वापरते, जिथे धूसर कडा छानच दिसतात. फवारा वरून सरळ आणि दूरून, दोनच दाबांत मारायचा आणि स्टेन्सिल उचलण्याआधी तिच्यावर साचलेले थेंब टिपकागदानं टिपून घ्यायचे. बिघाड होतो तो बहुधा उचलताना, स्टेन्सिलवरचं तळं पानावर ओघळल्यामुळे.

स्टेन्सिलची पाठ आणि पानाची उंचसखल जमीन

पाठ पुसणं हे इतकं साधं काम आहे की ते राहूनच जातं. प्रत्येक ठशानंतर स्टेन्सिल उलटी करा, कोरड्या फडक्यानं पाठ टिपा आणि मगच पुढे ठेवा. ओल्या वाइपनं पुसली तर त्यानंतर कोरडा हात फिरवायला विसरू नका, नाहीतर आपणच नवी ओल आणून ठेवतो. एकाच नक्षीची लांब किनार करायची असेल तर सलग सरकत जाण्यापेक्षा एक सोडून एक ठसे घ्यावेत. मधल्या जागा भरायला येईपर्यंत आधीचे ठसे सुकलेले असतात आणि स्टेन्सिलची कड त्यांच्यावर टेकली तरी काही बिघडत नाही.

पान सपाट नसणं ही मात्र जर्नलची खास अडचण आहे, सुट्या कागदावर काम करणाऱ्याला ती येत नाही. समजा आपण वहीच्या सुरुवातीला आहोत. डावीकडे आठ-दहा पानांची चळत, उजवीकडे पन्नास-साठ पानांची. डावं पान खाली, उजवं वर आणि मध्ये शिवणीची घळ. त्यावर आडवी ठेवलेली स्टेन्सिल पुलासारखी अधांतरी राहते, आणि नेमक्या त्या घळीच्या दोन्ही बाजूंना रंग पसरतो. टेप कितीही लावा, ही फट तशीच राहते. डाव्या बाजूखाली पुठ्ठे सारत जा, दोन्ही पानं एका पातळीत येईपर्यंत. घळीच्या दोन्ही बाजूंचे ठसे वेगवेगळे घ्या. एका बाजूला घेताना दुसरं पान मिटल्यासारखं उभं धरलं की हातातलं पान शिवणीपर्यंत सपाट होतं.

तरीही नक्षी घळीवरून अखंड जायला हवी असेल, तर ती पानावर छापूच नका. पातळ पांढऱ्या टिश्यू पेपरवर छापा, पूर्ण सुकू द्या आणि मॅट जेल मीडियमनं (ॲक्रिलिकच्या बिनचकाकीच्या, पारदर्शक लेपानं) पानावर चिकटवा. मीडियम मुरलं की टिश्यूचा पांढरेपणा जवळपास नाहीसा होतो, नक्षी तेवढी राहते, आणि घळीत ती बोटानं हलकेच बसवता येते. माझ्या मते बांधलेल्या वहीसाठी याहून भरवशाची युक्ती नाही. टिश्यूवर ठसा बिघडला तरी पान शाबूत राहतं, हा त्यातला मोठा दिलासा.

स्टेन्सिलवर जुन्या रंगाचे पोपडे साठले असतील तर तेही तिला पानापासून उचलून धरतात. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, मऊ ब्रशनं घासा. हट्टी ॲक्रिलिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं की ते मऊ पडून निघतं. वाकलेली स्टेन्सिल जड पुस्तकांखाली दोन दिवस ठेवावी. आणि खाली मॉडेलिंग पेस्टचा (सुकल्यावर उठून राहणाऱ्या घट्ट लेपाचा) उठावदार थर किंवा जाड कोलाज असेल, तर त्यावर स्टेन्सिल कधीच नीट टेकणार नाही हे मान्य करून क्रम बदला: सपाट ठसे आधी, उठाव शेवटी.

टेपबद्दल एक सूचना. मास्किंग टेप पानावर लावण्याआधी एकदा कपड्यावर चिकटवून काढा. तिचा चिकटपणा थोडा मरतो आणि काढताना खालचा रंग किंवा कागदाचं साल निघून येत नाही.

खालचा थर खरंच पक्का आहे का

गढूळपणाचं उत्तर इथे असतं. दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात: थर सुकलाय का, आणि सुकल्यावर तो पुन्हा पाण्यानं सुटतो का.

सुकलाय का हे डोळ्यांना कळत नाही, कारण वरची साय आधी सुकते. पालथा हात पानावर हलकेच टेकवा. थंड लागलं तर पाणी अजून उडतंय, थांबायला हवं. शेजारच्या कोऱ्या कागदाइतकंच लागलं तर पुढे जायला हरकत नाही. मी आता घड्याळ बघतच नाही, हातच टेकवते; दमट दिवशी नेहमीचा अंदाज हमखास चुकतो.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. ॲक्रिलिक रंगात प्लास्टिकचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून पडदा तयार होतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणून सुकलेल्या ॲक्रिलिकवर ओला थर बिनधास्त चढवता येतो. जलरंगात रंगकण धरून ठेवतो तो डिंक, आणि तो सुकल्यावरही पाण्यानं सुटतो. डाय शाईचे स्टॅम्प पॅड, पाण्यात विरघळणाऱ्या पेन्सिली आणि क्रेयॉन, बरीचशी स्केचपेनं याच जातीची. महिनाभर सुकलेला जलरंगही ओल्या ब्रशखाली जागा होतो.

एवढं माहीत असूनही एक चूक होते: "सील करू या" म्हणून अशा थरावर जेल मीडियम किंवा जेसोचा (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा) हात फिरवला जातो. मीडियम आणि जेसो दोन्हींत पाणी असतं. ब्रश मागेपुढे फिरला की खालचा गुलाबी, निळा, हिरवा सगळा त्यात उतरतो आणि पांढरा जेसो राखाडी होतो. जेसो खराब निघाला असं वाटतं, पण दोष त्याचा नसतो.

म्हणून स्टेन्सिल ठेवण्याआधी पानाच्या कोपऱ्यावर ओलसर पांढरा टिश्यू पाच सेकंद दाबून उचला. टिश्यूवर रंग आला तर थर सुटणारा आहे. मग मार्ग दोन. एक, मोकळ्या हवेत फिक्सेटिव्हचे (रंग बांधून ठेवणाऱ्या स्प्रेचे) दोन-तीन पातळ फवारे मारा, मध्ये सुकू द्या, आणि पुन्हा टिश्यू दाबून बघा. दोन, वरचा पहिला हात ब्रश न ओढता जवळपास कोरड्या स्पंजानं नुसता टिपत द्या. तो सुकला की दुसरा. सगळ्यात सोपं म्हणजे पुढच्या स्प्रेडला तळाचा थर पाणी घालून सैल केलेल्या ॲक्रिलिकचा करा. फक्त पाण्याचा अतिरेक नको, कारण कण फार विरळ झाले की पडदा कमकुवत होतो आणि घासल्यावर रंग सुटू शकतो.

सुटण्याचा हा गुण मुद्दाम वापरायलाही मजा येते. विरघळणाऱ्या थरावर स्टेन्सिल ठेवा, ओलसर वाइप बोटाला गुंडाळून भोकांतून रंग टिपून घ्या. नक्षी रंगानं नाही, रंग काढल्यानं उमटते, आणि खालचा थर झिरपत्या उजेडासारखा वर येतो.

सगळे थर पक्के आणि कोरडे असूनही पान मळकट दिसत असेल, तर रंगांची निवड बघा. लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा अशा समोरासमोरच्या जोड्या पारदर्शक थरांत एकमेकींवर चढल्या की तपकिरी किंवा राखाडी दिसतातच. दोघींच्या मध्ये पांढऱ्याचा एक अपारदर्शक ठसा टाकला की वरचा रंग पुन्हा खुलतो.

पेस्ट, फुगे आणि बाकीचं

मॉडेलिंग पेस्ट स्टेन्सिलमधून लावताना कड फुटते ती बहुधा पेस्ट पसरायची बोथट सुरी पुन्हा पुन्हा फिरवल्यानं. साधारण स्टेन्सिल ०.१९ मिमी जाडीची असते, म्हणजे उठाव तेवढाच मिळणार. जास्त हवा असेल तर जाड स्टेन्सिल घ्या, पेस्टचा ढीग करू नका. सुरी तिरकी धरून एका दिशेनं एकदा, फार तर दोनदा ओढा. स्टेन्सिल सुकायची वाट न बघता लगेच सरळ वर उचला आणि तशीच पाण्यात टाका. हीट गनची (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राची) घाई इथे महागात पडते: वरची साय आधी धरते, खालच्या पाण्याची वाफ होते आणि ती सायीला फोड आणते. रात्रभर राहू द्या.

पानं एकमेकांना चिकटतात, कारण ॲक्रिलिकचा पडदा सुकल्यावरही थोडा मऊच असतो, आणि उष्णता व दाब मिळाला की दोन पडदे जुळतात. मध्ये बेकिंग पेपर ठेवा. ओढून वेगळी करू नका. आधी वही थंड जागी ठेवा, मग सावकाश सोडवा.

पान लाटांसारखं वळत असेल तर कागद पातळ आहे. पाणी प्यायलं की त्याचे तंतू फुगतात. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा) कागद हे सगळं सहज सोसतो. साध्या वहीत दोन पानं एकमेकांना चिकटवून एक करा आणि पूर्ण सुकल्यावरच वजनाखाली ठेवा.

बिघडलेला ठसा वाचवायचा असेल तर

ओला असेल तर काहीच घासू नका. कापसाची काडी पाण्यात बुडवून जवळजवळ कोरडी पिळा आणि पसरलेली कड बाहेरून आत, नक्षीच्या दिशेनं, एकाच ओढीत उचला. प्रत्येक ओढीला काडीची नवी बाजू. सुकला असेल तर पार्श्वभूमीचा रंग बारीक ब्रशनं शेपट्यांवर फिरवा. तोही जुळत नसेल तर ठसा पुसट सावली समजून सोडा: तीच स्टेन्सिल दोन मिलिमीटर तिरकी सरकवून ठेवा आणि वरून गडद, अपारदर्शक रंगाचा कोरडा ठसा घ्या. खालच्या फुटलेल्या कडा त्या नव्या ठशाची सावली होऊन बसतात. हा वरचा ठसा घेताना स्टेन्सिलची पाठ पुसलेली असू द्या आणि ब्रश आधी रफ कागदावर खडूसारखा उमटू द्या.